आवाज किती?

शनिवारी अंबडच्या कारखान्यांना सुट्टी,
आणि मी दिंडोरी नाक्याला, झुंबरशेठच्या दुकानात,
द्राक्षबागांच्या फवारणी पंपांमध्ये अंग चोरून उभा,
गवत कापायचं मशीन बघायला आलेला
पाथर्डी फाट्याचा माणूस.

अंगण केवढं, शेठ विचारतात.
चाळीस पावलं लांब, बावीस रुंद, माझी पावलं.
मधे एक चिकू. नळाजवळ
दूर्वांचा तुकडा, तो कापायचा नाही.
शेठ वहीत फक्त 'लहान' असं लिहितात.

पेट्रोलचं घ्या, ते म्हणतात. दणकट.
दोरी ओढली की अख्ख्या गल्लीला कळतं.

तेच तर नको आहे.
हेमांगीला या महिन्यात रात्रपाळी.
सकाळी साडेआठला सिव्हिलमधून येते,
चपला दोन दिशांना, चहा अर्धा,
खिडकीला जाड चादर,
आणि झोप अशी, की
भंगारवाल्याच्या भोंग्याने तडा जावा.
मला सुट्टी दिवसाचीच मिळते.
गवत रात्री कापता येत नाही.

मग बॅटरीचं बघा, म्हणत शेठ आकडे वाचतात,
व्होल्ट, अँपिअर, पात्याची रुंदी,
चाळीस मिनिटं लिहिलंय, तुम्ही तीस धरा.
हीच बॅटरी छाटणीच्या कात्रीलाही बसते,
गोडी छाटणीला शेतकरी दोन-दोन नेतात.
मला कुठं द्राक्षं छाटायची आहेत?

मी एका बाजूने उचलून बघतो.
आमची माती काळी,
ओली झाली की पायातली चप्पल मागून घेते,
वैशाखात भेगांमध्ये पेन्सिल बुडते.
जड मशीन तिथं म्हशीसारखं बसून राहील.
एक अठरा किलोचं आहे, एक अकराचं.
अकराचं चांगलं आहे, शेठ म्हणतात, पण प्लास्टिक,
जसं स्थळाबद्दल सांगावं,
मुलगा चांगला आहे, पण.

सुरू करून दाखवता?
इथं? फरशीवर?
मी डोळे मिटतो.
छताचा पंखा, पेठला निघालेली एसटी,
आणि त्यांच्या खालून
एक धरून ठेवलेला स्वर,
मिक्सरपेक्षा कमी, फ्रिजपेक्षा जास्त.
दाराबाहेर जाऊन पुन्हा ऐकतो.
रस्ता ओलांडून रसवंतीपाशी उभा राहतो.
तिथून घुंगरंच ऐकू येतात.
समोरून शेठ हाताने विचारतात, काय?

'वीस वर्षं झाली दुकानाला,' पैसे मोजता मोजता म्हणाले,
'सगळे ताकद विचारतात.
आवाज विचारणारे तुम्ही पहिलेच.'
दुसरी बॅटरी देऊ का, तेही विचारलं.
तिची किंमत ऐकून मी
रसवंतीकडे बघत राहिलो.

पुढच्या शनिवारी, अकरा वाजता,
चादरीमागे ती.
मी पार कुंपणाकडून सुरुवात केली,
चिकूला वळसा, दूर्वांना वळसा,
डबा भरला की पायाच्या चवड्यांवर जाऊन ओतायचा,
स्वतःच्याच घरात चोरी करणाऱ्यासारखा.
खिडकीखालचा पट्टा मुद्दाम शेवटी ठेवला होता.
तिथं पोचलो, एक हात कापलं असेल,
आणि मशीन गप्प झालं.

चादर सरकली. केस विस्कटलेले.
आवाज आला? मी विचारलं.
'नाही रे. निफाडला होते मी, बांधावर.
मामी गवत कापत होती. वाससुद्धा येत होता.
मग तिचा विळा थांबला.
म्हटलं, हिला काय झालं?
म्हणून उठले.'

दिवसभर बॅटरी ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी,
लाल दिवा लावून बसलेली.
रात्री ती डबा घेऊन निघाली.
खिडकीखाली तो पट्टा तसाच, पोटरीएवढा.
स्कूटर सुरू करून थांबली, हेल्मेटच्या आतून म्हणाली,
दुसरी केवढ्याला म्हणाला होता तो?